८०८० पोर्ट अडवून बसलेली प्रोसेस सापडत नाहीये

अर्धविराम

मोबाइलवरून लिहितेय, त्यामुळे कमांडाही देवनागरीतच. समजून घ्या.

सी भाषेत लिहिलेला एक जुना सर्व्हर माझ्या गळ्यात पडलाय. ज्यांनी लिहिला ते केव्हाच निघून गेले. तो ८०८० पोर्टवर (म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) ऐकतो. आज दुपारी कोसळला. परत सुरू करायला गेले तर 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज', एरर क्रमांक ९८. म्हटलं जुनी प्रोसेस अर्धमेली होऊन पडली असेल. पीएस -ईएफ करून सर्व्हरचं नाव ग्रेपनं शोधलं, तर सापडतो तो फक्त ग्रेप स्वतः. नेटस्टॅट टाइप केलं तर 'कमांड नॉट फाउंड'. शेवटी एसएस -एलटीएनपी (कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते दाखवणारी कमांड) केलं, तर ही एवढीच ओळ:

लिसन  ७  १२८  ०.०.०.०:८०८०  ०.०.०.०:*

शेवटी प्रोसेसचं नाव यायला हवं ना? तिथे काहीच नाही. म्हणजे कोणीतरी ऐकतंय, पण कोण ते कळत नाही. ब्राउझरमधून गेलं तर नकारही येत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. आणि मॉनिटरिंगचा दिवा हिरवा! मशीनवर बाकीच्यांचीही कामं चालू आहेत, त्यामुळे रीस्टार्ट करता येणार नाही.

(लिनक्स आहे. माझ्याकडे सुडोचा, म्हणजे रूट या मुख्य युजरच्या अधिकारानं कमांड चालवायचा, हक्क आहे.)

रात्रपाळी

सुडोचा हक्क आहे तर तो वापरा की! रकाना रिकामा दिसतोय तो त्यामुळेच. पोर्ट ऐकतोय हे कोणालाही दिसतं, पण तो कोणाच्या हातात आहे हे बघायला एसएसला प्रत्येक प्रोसेसच्या उघड्या फाइल्स चाळाव्या लागतात. दुसऱ्या युजरच्या प्रोसेसमध्ये डोकावायची परवानगी तुम्हाला नाही, म्हणून ती गुपचूप जागा मोकळी सोडते. तक्रारसुद्धा करत नाही, हे मला तिचं कधीच पटलेलं नाही. जुनं नेटस्टॅट निदान 'रूट असायला हवं' असं बजावायचं.

सुडो एसएस -एलटीएनपी
किंवा
सुडो एलएसओएफ -एनपी -आयटीसीपी:८०८० -एसटीसीपी:लिसन

दुसरीतला एन छोटा, पी मोठा. 'आयटीसीपी'मधला आय छोटा आणि टीसीपी मोठ्या अक्षरांत. 'एसटीसीपी'मधला एस छोटा. लिसनही मोठ्या अक्षरांत.

घाईगडबड

एवढं कशाला? मी गेली कित्येक वर्षं हे करतोय:

किल -९ $(एलएसओएफ -टी -आय:८०८०)

शोधलं, मारलं, पुढे चला. हे नको असेल तर फ्यूझर -के ८०८०/टीसीपी.

जुनाखोड

अर्धविराम, वरची ओळ चालवू नका. आधी उत्तर मिळू द्या.

घाईगडबड, ही ओळ एकदा मीही चालवली होती. ८०८० वरचा सर्व्हर मेला आणि त्याच्याबरोबर माझा ब्राउझरही, पन्नासेक टॅब उघड्या असलेला. कारण सरळ आहे. नुसतं -आय:८०८० म्हटलं की ज्या ज्या जोडणीच्या कुठल्याही टोकाला ८०८० आहे त्या सगळ्या येतात. ब्राउझर ८०८० ला जोडलेला, म्हणून तोही यादीत. आणि -टी दिलं की फक्त पीआयडी (प्रोसेसचे क्रमांक) छापले जातात, त्यामुळे कोणाला गोळी घालतोय हे बघायचीही सोय राहत नाही. ब्राउझर गेला तर हसून सोडून देता येतं. त्या यादीत डेटाबेसकडे बोलणारा जॉब असता तर?

फ्यूझर स्थानिक पोर्ट बघतं, त्यामुळे ब्राउझर वाचेल. पण -के दिल्यावर ते थेट ९ नंबरचा सिग्नल धाडतं. आवराआवर करायला वेळच नाही. अर्धवट लिहिलेली फाइल, राहून गेलेलं लॉक, सगळं मागे तसंच. नुसतं 'सुडो फ्यूझर -व्ही ८०८०/टीसीपी' मात्र बघण्यासाठी उत्तम आहे.

घाईगडबड

बरं बरं. ब्राउझरचं माझ्याही बाबतीत झालंय, मला वाटायचं तो आपणहून क्रॅश होतो 😅

सफरचंदी

मॅकवाल्यांसाठी: इथे एसएस नाही. नेटस्टॅट आहे, पण त्यातल्या -पी चा अर्थ प्रोसेस नसून प्रोटोकॉल, त्यामुळे लिनक्सची सवय घेऊन आलात की फसता. एलएसओएफची वरची ओळ मात्र जशीच्या तशी चालते. एरर क्रमांकही ९८ नसून ४८ असतो.

आणि ५००० पोर्ट कोणी घेतलाय म्हणून शोधत असाल तर तो बहुतेक 'कंट्रोलसेंटर' निघेल. २०२१ मध्ये आलेल्या मॉन्टेरेपासून एअरप्ले रिसीव्हर ५००० आणि ७००० वर बसतो. त्याला मारून उपयोग नाही, परत उठतो. सेटिंगमध्ये जाऊन एअरप्ले रिसीव्हर बंद करायचा, किंवा आपलाच पोर्ट बदलायचा.

वाचनमात्र

एक बाळबोध शंका. हे टाइम-वेट प्रकरण तर नाही ना? आमच्याकडे मिनिटभर थांबलं की आपोआप सुटतं.

रात्रपाळी

नाही. त्यांच्या ओळीतला पहिलाच शब्द बघा, लिसन आहे. टाइम-वेट म्हणजे संपलेल्या जोडणीची कर्नलनं थोडा वेळ ठेवलेली आठवण. लिनक्सवर ती ६० सेकंदांनी जाते आणि तिला मालक प्रोसेस नसतेच, त्यामुळे शोधूनही कोणी सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे सर्व्हरमध्ये बाइंड करण्याआधी (पोर्टला जोडून घेण्याआधी) एसओ_रीयूजअ‍ॅडर लावणं. पण कोणीतरी खरोखर लिसन करत असेल तर लिनक्सवर रीयूजअ‍ॅडर लावूनही बाइंड होणार नाही.

जुनाखोड

त्या ओळीत अजून एक गोष्ट दडलीये, कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. लिसनच्या पुढचे ७ आणि १२८. इतर सॉकेटांसाठी (सॉकेट म्हणजे जोडणीचं प्रोसेसच्या हातातलं टोक) हे रकाने न वाचलेले आणि न पोचलेले बाइट दाखवतात. लिसन करणाऱ्या सॉकेटासाठी अर्थ वेगळा: पहिला म्हणजे दारात ताटकळणाऱ्या जोडण्या, दुसरा म्हणजे दारात जास्तीत जास्त किती उभ्या राहू शकतात.

सात जण रांगेत आहेत आणि आत घेणारं कोणी नाही. धडधाकट सर्व्हरवर हा आकडा बहुतेक वेळ शून्य असतो. जोडणीचं हस्तांदोलन कर्नल स्वतःच उरकून टाकतं, प्रोसेसला विचारत नाही. म्हणून ब्राउझरला नकार मिळत नाही आणि चक्र फिरत राहतं. मॉनिटरिंग नुसतं 'पोर्ट उघडा आहे का' एवढंच बघत असेल तर दिवा हिरवाच राहणार.

माझा अंदाज असा की सॉकेट ज्याच्या हातात आहे त्याला ते आपल्या हातात आहे याचाच पत्ता नाही. अर्धविराम, सुडोचं उत्तर टाका.

अर्धविराम

टाकते. मला काहीच झेपलेलं नाही.

एसएच     १४४९८  सेवा  ३यू  आयपीव्ही४  ८८२१३  टीसीपी *:८०८० (लिसन)
स्लीप    १४५०२  सेवा  ३यू  आयपीव्ही४  ८८२१३  टीसीपी *:८०८० (लिसन)

स्लीप?! जी कमांड काहीही न करता नुसती झोपते, ती ८०८० वर ऐकतेय? हॅक-बिक झालंय का मशीन? ('सेवा' हा सर्व्हरचा युजर. मधले एक-दोन रकाने गाळलेत.)

जुनाखोड

हॅक नाही. घरातलंच प्रकरण आहे. दोन्ही ओळींत दोन गोष्टी सारख्या आहेत बघा: ३यू आणि ८८२१३. म्हणजे दोन प्रोसेस, पण सॉकेट एकच, आणि दोघींकडेही ते ३ नंबरच्या डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलीच्या क्रमांकावर). ही वारसाहक्काची केस आहे.

आपण 'पोर्ट कुठल्या प्रोसेसने घेतलाय' असं विचारतो, पण युनिक्समध्ये पोर्ट प्रोसेसचा नसतोच. पोर्ट सॉकेटचा, आणि सॉकेट ही एक उघडी फाइल. एलएसओएफ हे नावच मुळी 'उघड्या फाइलींची यादी' या इंग्रजी शब्दांचं लघुरूप आहे. परड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबेल यांनी ते लिहिलं ते पोर्टसाठी नव्हे, पण फाइल शोधता आली की पोर्टही आयता सापडतो. एका उघड्या फाइलीला एक मालक असेल, चार असतील, क्वचित एकही प्रोसेस नसेल. सगळे मालक सोडतील तेव्हाच सॉकेट मिटतं.

फोर्क झाला, म्हणजे प्रोसेसनं स्वतःची प्रत काढली, की पोराला आईच्या सगळ्या उघड्या फाइली मिळतात, आणि एक्झेक करून ते पोर दुसराच प्रोग्रॅम झालं तरी त्या तशाच उघड्या राहतात, मुद्दाम बंद करायला सांगितलं नसेल तर. तुमच्या सर्व्हरनं कुठेतरी सिस्टम() फंक्शन वापरून एखादी शेल स्क्रिप्ट मागे सोडली असणार. सर्व्हर मेला, स्क्रिप्ट जिवंत राहिली, आणि आईचं सॉकेट पदरात घेऊन बसली.

हे चालवा आणि काय येतं ते सांगा:

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,एलस्टार्ट,एआरजीएस -पी १४४९८,१४५०२

अर्धविराम

बापरे. १४४९८ चा पीपीआयडी (आई-प्रोसेसचा क्रमांक) १ आहे, १४५०२ चा १४४९८. सुरू झाल्याची वेळ सर्व्हर कोसळायच्या तासभर आधीची. पहिलीसमोर 'एसएच साफसफाई.एसएच', दुसरीसमोर 'स्लीप २१६००'.

आणि सोर्समध्ये शोधलं तर सिस्टम("एसएच साफसफाई.एसएच &") सापडलं. ती स्क्रिप्ट सहा तास झोपते आणि मग तात्पुरत्या फाइली पुसते. हे मी कधी बघितलंच नव्हतं.

मग स्लीप मारू ना?

रात्रपाळी

थांबा! स्लीप आधी मारलीत तर स्क्रिप्टला वाटेल झोप झाली, आणि ती त्याच क्षणी फाइली पुसायला घेईल. आधी १४४९८, मग १४५०२. दोन्ही मारायलाच हव्यात, नुसती एसएच मारली तर स्लीप पोरकी होऊन पोर्ट धरून बसेल. ९ ची गरज नाही, साधं किल पुरे.

सर्व्हर मेल्यावरही स्क्रिप्ट जगली यावरून तुम्ही सर्व्हर नोहप लावून (टर्मिनल मिटलं तरी चालू राहील असा) हातानं सुरू करत असणार असं वाटतंय. सिस्टमडीचं (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचं) युनिट असतं तर हा प्रकार झालाच नसता. तिथे सेवा थांबली की तिच्या कंट्रोल ग्रुपमधली सगळी पिलावळ मारली जाते, तो मूळ नियमच आहे.

अर्धविराम

हो, नोहप 🙈 मारल्या दोन्ही. सर्व्हर पहिल्या फटक्यात उठला! रांगेचा आकडा ० दिसतोय. आता कोडमध्ये काय बदलू?

जुनाखोड

सॉकेट() बोलावताना प्रकारात सॉक_क्लोएक्झेक जोडा. लिनक्समध्ये हे २००८ च्या २.६.२७ पासून आहे. एक्झेक झालं की तो डिस्क्रिप्टर आपोआप मिटतो. ग्राहकाच्या जोडण्यांसाठी अ‍ॅक्सेप्टच्या जागी अ‍ॅक्सेप्ट४ आणि तोच झेंडा. नाहीतर पुढच्या वेळी पोर्ट सुटेल पण एखाद्या ग्राहकाची जोडणी स्लीपच्या हातात राहील, आणि ते शोधणं याहून वैतागाचं. आधी सॉकेट उघडून मग एफसीएनटीएलनं झेंडा लावायची जुनी पद्धतही चालते, पण अनेक थ्रेड असतील तर त्या दोन पायऱ्यांच्या मधेच दुसरा थ्रेड फोर्क करू शकतो.

पायथनवाल्यांना हे फारसं भोगावं लागत नाही. ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून, तिथे डिस्क्रिप्टर मुळातच वारशात जात नाहीत. नुसता फोर्क करून एक्झेक न केलेल्या पोरांना मात्र तिथेही मिळतात.

बिनचूक

धागा रंगलाय, पण काही गोष्टी राहून गेल्यात.

एक, ग्रेप वापरताना आकडेच दाखवायला सांगा. छोटा एन दिला नाही तर एसएस आणि नेटस्टॅट, आणि मोठा पी दिला नाही तर एलएसओएफ, ८०८० ऐवजी 'एचटीटीपी-ऑल्ट' छापू शकतात. मग ८०८० ग्रेप करून काही हाती लागत नाही आणि माणूस पोर्ट मोकळा समजतो. उलटही होतं. एखाद्या ओळीत 'पोस्टग्रेएसक्यूएल' दिसलं म्हणजे तिथे डेटाबेस आहेच असं नाही. ते नाव /ईटीसी/सर्व्हिसेस या फाइलीतून ५४३२ समोरचं उचललेलं असतं, प्रोसेसशी त्याचा संबंध नाही.

दोन, एलएसओएफला दोन अटी दिल्यात तर ती 'आणि' नाही, 'किंवा' समजते. -आय:८०८० आणि -पी १२३४ एकत्र दिलंत तर ८०८० वाले सगळे आणि १२३४ ची सगळी फाइलींची जत्रा, दोन्ही येतं. 'आणि' हवं असेल तर -ए लावा. हा निर्णय कोणी का घेतला असेल याचा मी अजून विचार करतोय.

वाचनमात्र

आमच्या कंटेनरमध्ये एसएस नाही, एलएसओएफ नाही, काहीच नाही. तिथे काय करायचं?

रात्रपाळी

तिथे हातानं. मजा येते खरं तर, एकदा करून बघाच, या अवजारांच्या पोटात काय आहे ते कळतं.

/प्रॉक/नेट/टीसीपी ही फाइल कॅट करा. पोर्ट सोळाच्या पायात असतो. ८०८० म्हणजे १एफ९०. प्रिंटएफ '%एक्स' ८०८० केलं की आकडा मिळतो. ओळ साधारण अशी दिसेल:

०: ००००००००:१एफ९० ००००००००:०००० ०ए ... ८८२१३

०ए म्हणजे लिसन. नेहमीच्या इंटेल मशीनवर पत्ता उलटा लिहिलेला असतो, १२७.०.०.१ हा ०१००००७एफ असा दिसतो, दचकू नका. पुढे जो ८८२१३ आहे तो सॉकेटाचा आयनोड, म्हणजे कर्नलनं दिलेला क्रमांक, वर अर्धविराम यांच्या यादीत आलेलाच रकाना. आता:

एलएस -एल /प्रॉक/[०-९]*/एफडी

यात 'सॉकेट:[८८२१३]' जिथे जिथे दिसेल तो फोल्डर म्हणजे पीआयडी. एलएसओएफ पडद्यामागे जवळपास हेच करतं.

टीसीपीच्या फाइलीत काही सापडलं नाही तर टीसीपी६ बघायला विसरू नका. जावाचे सर्व्हर बहुतेक वेळा आयपीव्ही६ चं सॉकेट उघडून त्यातूनच आयपीव्ही४ लाही उत्तर देतात. अर्धा दिवस घालवलाय मी त्यात.

बिनचूक

कंटेनरचा विषय निघालाच आहे तर: यजमान मशीनवर बघितलं तर पोर्ट 'डॉकर-प्रॉक्सी'च्या नावावर दिसेल. त्याला मारू नका, तो फक्त दारवान आहे. खरा ऐकणारा आतल्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (कंटेनरच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) असतो आणि बाहेरचं एसएस तिथे बघतच नाही. कंटेनरमधल्या कुठल्याही प्रोसेसचा यजमानावरचा पीआयडी घ्या, आणि सुडो एनएसएंटर -टी पीआयडी -एन एसएस -एलटीएनपी. एसएस यजमानाचंच वापरलं जातं, त्यामुळे आत अवजार नसलं तरी अडत नाही.

घाईगडबड

आणि रूट होऊनही रकाना रिकामाच असेल तर? २०४९ वर माझ्याकडे तसं दिसतं. ते काय, भूत?

जुनाखोड

२०४९ म्हणजे एनएफएस, नेटवर्कवरून फाइली वाटणारी सेवा. ते सॉकेट कर्नलनं स्वतःसाठी उघडलेलं असतं, मालक प्रोसेस नाहीच. वायरगार्ड या व्हीपीएनचंही तसंच, त्याचा यूडीपी पोर्ट कोणाच्याच नावावर दिसत नाही. तिथे किल करायला काही नसतं, ती सेवाच बंद करावी लागते.

याच्या उलट प्रकार म्हणजे पीआयडी १ मालक दिसणं. सिस्टमडी सेवेच्या वतीनं पोर्ट आधीच धरून ठेवतं आणि पहिला ग्राहक आला की सेवा उठवतं. सेवा कितीही वेळा मारा, पोर्ट सुटत नाही. सिस्टमसीटीएल लिस्ट-सॉकेट्स करा आणि त्या सॉकेटाचं युनिट थांबवा.

लिनक्सबाहेरच्यांसाठी पटकन: फ्रीबीएसडीवर सॉकस्टॅट -४ -एल -पी ८०८०, माझ्या मते या कामासाठी बनलेली सगळ्यात सुटसुटीत कमांड. ओपनबीएसडीवर एफस्टॅट. सोलारिसवर पीफाइल्स प्रत्येक पीआयडीवर चालवून 'पोर्ट: ८०८०' ग्रेप करायचं, कंटाळवाणं आहे. एआयएक्सवर नेटस्टॅट -एएएन (पहिला ए मोठा) करून पहिल्या रकान्यातला पत्ता घ्यायचा आणि आरएमसॉक पत्ता टीसीपीसीबी. नाव वाचून पहिल्यांदा माझा हात थरथरला होता. पण सॉकेट कोणाच्या हातात असेल तर ती काही काढत नाही, कोणी धरलंय तेवढं सांगते.

वाचनमात्र

धागा जपून ठेवला. जुनाखोड काकांना दंडवत.

अर्धविराम

क्लोएक्झेक लावलं, चाचणीच्या मशीनवर मुद्दाम सर्व्हर मारून बघितला. साफसफाई चालू, पण ८०८० मोकळा. आता युनिट फाइल लिहायला घेतलीये. मॉनिटरिंगलाही नुसता पोर्ट न बघता एक पान मागून उत्तर तपासायला लावलंय.

आणि आत्ता एक आठवलं. याआधी दोनदा असंच झालं होतं. दोन्ही वेळा मी बराच वेळ डोकं आपटलं, मग कंटाळून सोडून दिलं, आणि संध्याकाळी सर्व्हर आपसूक सुरू झाला. टीममध्ये सगळ्यांना मी ऐटीत सांगितलं होतं की 'नेटवर्कचा प्रॉब्लेम होता'. तो २१६०० सेकंदांचा होता!

घाईगडबड

😂 मी पण माझी ती ओळ बदलली. आता त्यात -एसटीसीपी:लिसन आहे, आणि -९ नाही. $( ) मात्र ठेवलंय.

जुनाखोड

-टी काढून आधी यादी वाचत जा रे.